घरच्या बागेतला लसूण: तुमचा गड्डा कसा भरला?

लसणाची पात कुंडीत कुणालाही मिळते. गड्डा भरणं ही वेगळी गोष्ट. पाकळी लावली, महिनोन्‌महिने पाणी घातलं आणि उपटल्यावर हाती एकच गोल गाठ आली, असं सांगणारे फार भेटतात. ज्यांच्याकडे नीट पाकळ्या पडलेला गड्डा निघतो त्यांनी काय केलं ते इथे लिहावं. हवामान कसं आहे तेही सांगा, त्याशिवाय बाकीच्या माहितीचा उपयोग होत नाही.

*

आमच्याकडे थंडी नावालाच असते, त्यामुळे ती गोल गाठ मला चांगली परिचयाची. लसणाला पाकळ्या पडायला आधी काही आठवडे गारवा लागतो आणि मग वाढत जाणारा दिवस. गारवा मिळाला नाही की रोप सगळा साठा एकाच पाकळीत करतं. मी लागवडीआधी अख्खे गड्डे कागदी पिशवीत घालून ६ ते ८ आठवडे फ्रीजमध्ये ठेवते. फ्रीझरमध्ये नाही. बाहेर काढले की त्याच दिवशी पाकळ्या सुट्या करून लावते, कारण उष्णतेत पडून राहिल्या तर गारव्याचा परिणाम ओसरतो. उष्ण प्रदेशासाठीचे वाण मिळाले तर उत्तमच, त्यांना एवढा गारवा लागत नाही.

आणि ती गोल गाठ टाकू नका! पुढच्या हंगामात तीच लावा, तिच्यातून छान मोठा गड्डा निघतो.

*

माझा सगळा भर बियाण्यावर. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या जाड पाकळ्या लावायच्या, आतल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकाला. मोठ्या पाकळीत साठा जास्त, म्हणून रोप सुरुवातीपासून जोमदार. साल काढायची नाही, टोक वर. खाण्यासाठी विकला जाणारा लसूण कधीकधी कोंब येऊ नयेत म्हणून विकिरण केलेला, म्हणजे किरणांचा मारा केलेला असतो, तो कितीही जपला तरी वाढत नाही. लागवडीचं बियाणं वेगळं आणावं.

*

चिकण माती आहे माझी. त्यात गड्डे वेडेवाकडे व्हायचे नि सडायचे. उंच वाफा केला, भरपूर कुजलेलं शेणखत मिसळलं आणि फरक पडला. पाकळी साधारण ५ सेंमी खोल, दोन रोपांत १० ते १५ सेंमी अंतर. लसणाची मुळं उथळ, पात बारीक, तणापुढे त्याचा निभाव लागत नाही. म्हणून वाळक्या पानांचं आच्छादन आणि हाताने खुरपणी.

नत्र फक्त सुरुवातीला, पात वाढत असताना. गड्डा धरायला लागल्यावर नत्र दिलं तर पाकळ्यांनाच पुन्हा कोंब फुटू लागतात आणि असा लसूण टिकतही नाही.

*

थंड प्रदेशातला अनुभव: काही वाणांना मधोमध कडक फुलदांडा येतो. तो वळायला लागला की मी खुडते, नाहीतर रोपाची ताकद वर जाते आणि गड्डा लहान राहतो. दांडा फेकू नये, चवीला फार सुरेख लागतो. एखादा राखला तर टोकाशी इवल्या कंदिका येतात. त्यांपासूनही लागवड होते, मात्र भरलेला गड्डा मिळायला दोन-तीन हंगाम जातात.

*

थोडं दुःखाचं लिहितो, पण कुणाचा तरी वाफा वाचेल. भेट मिळालेल्या लसणासोबत माझ्या बागेत पांढरी सड आली. पात पिवळी, बुडाशी कापसासारखी बुरशी, तिच्यात खसखशीएवढे काळे दाणे. ते दाणे मातीत २० वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. त्या वाफ्यात आता लसूण नाही, कांदा नाही, त्या कुळातलं काहीच नाही. लागण झालेली रोपं कंपोस्टमध्ये घालू नका. अनोळखी बियाणं आधी वेगळ्या कुंडीत लावून पाहा, ही माझी कळकळीची विनंती.

*

काढणीबद्दल कुणी लिहिलं नाही. पात पूर्ण वाळेपर्यंत थांबावं का?

*

थांबू नका. पातीचं एकेक पान म्हणजे गड्ड्यावरच्या सालीचा एकेक पदर. पान वाळलं की तो पदरही कुजू लागतो. खालची तिसरा हिस्सा ते निम्मी पानं वाळली आणि वर पाच-सहा हिरवी उरली की काढावा. उशीर झाला तर पाकळ्या मातीतच सुट्या होतात. त्याआधी दोनेक आठवडे पाणी बंद.

ओढून उपटू नये, खुरप्याने माती सैल करून उचलावा. धुवायचा नाही. पातीसकट जुड्या बांधून वारा खेळेल अशा सावलीत दोन ते चार आठवडे टांगावा, मान कडक वाळल्यावरच कापावी. साठवण कोरड्या, हवेशीर जागी. वर फ्रीजचा उपाय लिहिलाय तो फक्त बियाण्यासाठी. खायचा लसूण तिथे ठेवला तर त्याच गारव्याने त्याला लवकर कोंब येतात.