टाटांच्या धरणांचं पाणी कृष्णेच्या वाटपाबाहेरचं नाही

काही जण म्हणतात की मुळशीसारखी टाटांची धरणं भीमेच्या, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यात असली तरी ती ब्रिटिश काळातली, खासगी कंपनीची, म्हणून ते पाणी कृष्णेच्या वाटपात धरत नाहीत. तसं नाही. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेल्या ५६० टीएमसीतूनच (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) ते जातं. टाटांच्या जलविद्युत धरणांतून पश्चिमेला किती वळवायचं, याची मर्यादाच निवाड्यात आहे: एका वर्षात ५४.५ टीएमसी आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२. कोयनेसाठी वेगळे ६७.५. म्हणजे कर्नाटक-आंध्रशी भांडून मिळवलेल्या वाट्यातला मोठा घास आपणच घाटाखाली सोडतो.

एप्रिलात कोलाडला जाऊन बघा. मुळशीच्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात वीज तयार झाली की सकाळी कुंडलिका दुथडी भरते, त्या पाण्यावर राफ्टिंग चालतं. मी तिथून आठवडाभरातच उजनीकाठी गेलो होतो. एरवी धरणाच्या पाण्यात बुडालेलं पळसदेवचं देऊळ उघडं पडलेलं, भेगाळलेल्या गाळात शेतकरी मोटारीचा पाईप आणखी पुढे ओढत होते. कुंडलिकेतलं ते पाणी मुळा-भीमेतून याच उजनीत आलं असतं. शेजारी राज्यांशी भांडायचं ते भांडूच, पण वीज आता इतर मार्गांनीही मिळते, उजनीला पाणी कुठून आणणार? हा प्रश्न मुंबईतल्या सरकारलाच विचारायला हवा.