भांडण खरंच होतं

'द रेस्टॉरंट' या अमेरिकन रिअॅलिटी शोमधलं शेफ रोको डिस्पिरिटो आणि त्याच्या हॉटेलात पैसे घालणारा जेफ्री चोडोरो यांचं भांडण नुसतं कॅमेऱ्यापुरतं होतं, हे काही पटत नाही. एनबीसी या वाहिनीवर २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात २२व्या रस्त्यावरचं रोकोचं हॉटेल 'रोकोज्' उघडताना दाखवलं. २००४ च्या दुसऱ्या पर्वात चोडोरो तोट्याचा हिशेब मागत होता. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि रोकोला स्वतःचंच नाव लावलेल्या हॉटेलात पाऊल टाकायला मनाई झाली! टीव्हीसाठी कोण एवढं करेल?

मला चुटपुट लागली ती रोकोच्या आईची. म्हातारी बिचारी मीटबॉल वळत बसायची. चिरंजीव मात्र चुलीपाशी कमी, गिऱ्हाइकांबरोबर फोटो काढण्यात जास्त. चोडोरो कितीही खडूस वाटला, तरी रोको स्वयंपाकघरात नसतो ही त्याची तक्रार खोटी नव्हती.