लग्नाआधी सिकलसेल तपासणी सक्तीची करावी का?

वैनगंगाकाठ
गडचिरोली-चंद्रपूरकडचा आहे, म्हणून विचारतोय. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार; एकाकडूनच सदोष जनुक आलेला तो वाहक. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला सिकलसेलचा आजार होण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल निरोगी निघालं म्हणून दुसऱ्या खेपेचा धोका कमी होत नाही. जुलै 2023 मध्ये केंद्राचं अभियान सुरू झालं, 7 कोटी लोक तपासायचं ठरलं. तपासणीच्या निकालाची कार्डं मिळाली, ती ट्रंकेत गेली. सोयरीक जमवताना एकही बाहेर निघत नाही. माझं मत स्पष्ट आहे: दोघांचे रिपोर्ट जोडल्याशिवाय विवाह नोंदणीच करू नये.

खडूस_नागपूरकर
कोणती नोंदणी? आपल्याकडे आधी लग्न लागतं, मग कोणत्या तरी योजनेसाठी दाखला हवा म्हणून नोंदणी होते. तोवर पोरीला तिसरा महिना असतो.

सिस्टर_बोलतेय
दादा, मी हेच समुपदेशन करते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मुलगा वाहक निघाला तर घरचे म्हणतात, "काही नाही, धडधाकट आहे." मुलगी निघाली की "रक्तात दोष आहे." स्थिती तीच! वाहकाला सहसा काही त्रास नसतो. जोडीदार वाहक किंवा रुग्ण नसेल तर मुलांना आजारही होत नाही, फार तर मूल वाहक होईल. हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो, सोयरीक मोडायला पाच मिनिटं. सक्ती केलीत तर खोटे दाखले विकत मिळतील आणि खरे रिपोर्ट फक्त मुलींचे तपासले जातील.

त्यापेक्षा गरोदरपणाच्या पहिल्या भेटीतच रक्त तपासा. बाई वाहक निघाली तर लगेच नवऱ्याचं. दोघेही वाहक असतील तर 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना घेता येतो, 15 आठवड्यांनंतर गर्भजलाचा. गर्भपाताचा निर्णय झालाच तर अशा कारणासाठी कायद्याने 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे.

वैनगंगाकाठ
ताई, कागदावर सगळं बसतं. बाई दवाखान्यात येते पाचव्या महिन्यात. नवरा तेलंगणात मिरची तोडायला. त्याचं रक्त कोण आणणार? नमुना घ्यायचा तर शहर गाठायचं, रिपोर्टची वाट बघायची. पोटात बाळ हलायला लागल्यावर "ठेवायचं का?" हा प्रश्न विचारणं लग्न मोडण्यापेक्षा सोपं आहे का?

एसएस_पण_मस्त
मी एसएस, म्हणजे दोन्हीकडून सदोष जनुक आलेला रुग्ण आहे, वाहक नव्हे. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या घेतो, नोकरी करतो, भांडतोही. तुम्ही दोघं बोलताय ते असं, की माझ्यासारखा जन्मूच नये. फक्त कोणत्या टप्प्यावर अडवायचं एवढाच वाद. दुखणं उठतं तेव्हा कॅज्युअल्टीत "नाटक करतोय" ऐकून घेतलंय. आधी गोळ्या वेळेवर मिळू द्या. आणि समुपदेशनात फक्त भीती घालू नका. एकाला वर्षातून चार वेळा भरती व्हावं लागतं, दुसऱ्याला क्वचितच. पोटातल्या बाळाचं नेमकं कसं जाईल हे कोणताही रिपोर्ट सांगत नाही, हेही सांगा.

लॅबवाला
थोडं तांत्रिक. शिबिरातली विद्राव्यता चाचणी सिकल आहे की नाही एवढंच दाखवते. वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या पुढच्या तपासण्यांवर कळतं. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे दुसऱ्या एका रक्तविकाराचा वाहक असणं, शिबिरातल्या चाचणीत सापडतच नाही. एक सिकल वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमिया मायनर असेल तरी मूल आजारी होऊ शकतं. तेव्हा "माझी निगेटिव्ह आहे" म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. बाकी 'पत्रिकेऐवजी रक्त जुळवा' ही घोषणा ऐकून कान किटले.

सिस्टर_बोलतेय
एसएस, पटलं. माझंच नाही, सगळ्यांचंच बोलणं तसं होतं.
दादा, मधला मार्ग सांगू? अठरा पूर्ण झाल्यावर कॉलेजात तपासणी. रिपोर्ट ज्याचा त्याला, समोर बसवून. घरी कार्ड पाठवायचं नाही.

वैनगंगाकाठ
अठरा वर्षांची पोरगी ते घरी सांगेल?

सिस्टर_बोलतेय
नसेल सांगायचं तर नाही सांगणार. तिचा हक्क आहे.

वैनगंगाकाठ
आणि ज्याच्याशी लग्न लागतंय, त्याचा?