मदत हवी आहे: स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी बोलायचं कसं?

पुण्यात सदाशिव पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे. मुलं बहुतेक मराठवाडा-विदर्भातली, पंचविशी ओलांडलेली. निकाल लागला की काही जण यायचे बंद होतात, काही पुस्तक न उघडता बसून राहतात. त्यात 2025 पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. वर्षानुवर्षं पर्यायी उत्तरांवर घासलेल्यांची चिडचिड वाढलीय.

मी समुपदेशक नाही, पण घरचे फोन न उचलणारी मुलं फी द्यायला आली की माझ्याशी दोन शब्द बोलतात. ‘प्लॅन बी ठेव रे’ म्हटलं की मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवसापासून मला टाळतात. ‘होईल सगळं नीट’ त्यांनाही खोटं वाटतं, मलाही.

परीक्षा सोडायची की नाही हे त्यांचं त्यांना ठरवता यावं, यासाठी कसं बोलू? आणि कुणी ‘जगून काय करू’ म्हणालं, तर तिथल्या तिथे काय विचारू? विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, ही धास्ती आहे.

प्रेरणादायी व्हिडिओ कृपया नकोत!

प्रतिसाद १ (कॉलेजात समुपदेशन करते)

दुसरं आधी. सरळ विचारा, ‘आत्महत्येचा विचार येतो का?’ विचारल्याने तो पेरला जात नाही, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. ‘हो’ आलं तर कसं, कधी, साधन हाताशी आहे का, हेही विचारा. बेत ठरलेला असेल तर एकटं सोडू नका, साधन दूर करा, मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (14416) मोफत आहे, चोवीस तास, मराठीतूनही.

आता पहिलं. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या समस्येवर काम करताना मांडलेली पद्धत इथे चालते. मन दोन्हीकडे ओढत असतं. तुम्ही एक बाजू धरली की समोरचा मुलगा दुसरीची वकिली करतो. तुमच्या प्लॅन बीचं तेच होतंय. विचारा, ‘दुसरं काही बघायची तयारी शून्य ते दहात किती?’ तो तीन म्हणाला तर ‘तीनच का?’ नको, ‘शून्य का नाही?’ विचारा. मग कारणं त्याच्याच तोंडून येतात. ती तुमच्या शब्दांत परत सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणंच अवघड जातं.

धागाकर्ता

धन्यवाद ताई. पण काउंटरवर मागे रांग असते, तिथे हे कसं जमणार?

प्रतिसाद १

तिथे नकोच. ‘चल, चहा घेऊ’ म्हणा. समोरासमोर बसण्यापेक्षा चालता चालता मुलं जास्त बोलतात, असा माझा अनुभव.