मदत हवी आहे: पोस्टमनला 'तुमची ओळख काय' हे कसं विचारू?

नमस्कार मंडळी. लोकप्रशासनात एमए करतेय. प्रबंधाचा विषय आहे, सरकारी खात्यात नवीन काही आलं की कर्मचाऱ्यांच्या मनातली खात्याची ओळख कशी बदलते. उदाहरण म्हणून टपाल खातं घेतलंय. १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली आणि पत्रं वाटणारा माणूस दारात पैसे काढून देऊ लागला. २०२५ मध्ये तर रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. देशातल्या दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयांपैकी जवळपास नव्वद टक्के खेड्यांत आहेत, म्हणून ग्रामीण डाकसेवकांशीच बोलायचं ठरवलं.

मागच्या आठवड्यात एका डाकसेवक काकांबरोबर फिरले. ओट्यावर बसलेल्या आजींचा अंगठा झिजलेला, मशीनवर उमटेना. काकांनी आपल्या रुमालाने तो पुसला, पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा जमलं. पैसे दोनदा मोजून हातात दिले. मी विचारलं, "तुम्ही आता बँकवाले की पोस्टमन?" ते म्हणाले, "पोस्टमनच. म्हणून तर अंगठा देतात." हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पण असा सरळ प्रश्न म्हणजे मीच उत्तर सुचवल्यासारखं झालं ना?

तर ओळखीबद्दल आडून, गप्पांतून कसं विचारावं? कुणी अशा मुलाखती घेतल्या असतील, किंवा घरात कुणी टपाल खात्यात असेल, तर कृपया सांगा. आणि 'संस्थात्मक ओळख' याला त्यांच्या बोलीतला शब्द कोणता?