'ब्रँड रेकग्निशन'ला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा: गेमिंग कन्सोलच्या कंपन्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'ब्रँड रेकग्निशन'साठी मी सरळ 'ओळख' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'नाममुद्रा-अभिज्ञान' केलं. मला थेट शकुंतलेची अंगठीच दिसली. 'वी' हा निंटेंडो कंपनीचा गेमिंग कन्सोल आणि 'वी यू' हा त्याच्यानंतरचा. वाक्य असं आहे: 'वी'चं ब्रँड रेकग्निशन जबरदस्त होतं, पण 'वी यू'ला त्याचा उपयोग झाला नाही. काय लिहू?

जुनापुराणा: 'ओळख' नको. ओळख पटते ती बेवारस मृतदेहाची. साधं 'नाव' लिहा. मराठीत नाव होतं, नाव निघतं, नाव बुडतं. आणखी काय हवं?

उंबरठा: अहो, नावाचीच तर गोची होती! २०१२ साली वी यू आला, तेव्हा पुष्कळांना तो जुन्या वीला जोडायचा नुसता नवा कंट्रोलर वाटला. वी दहा कोटींच्या वर खपला होता, वी यू दीड कोटीसुद्धा नाही. नाव सगळ्यांना ठाऊक, वस्तू कुणाला ओळखू येईना.

खटपट्या: म्हणजे अंगठी ओळखली आणि शकुंतलेला परत पाठवलं. संपादकांचा शब्द इतका वाईट नाही हो!

जुनापुराणा: नाव फार झालं तरी पंचाईतच. झेरॉक्सचं काय झालं बघा. आमच्या घरी सेगा या दुसऱ्या कंपनीचं गेमचं यंत्र होतं. कार्ट्रिज काढून मी त्यात फुंकर मारत बसलो की आतून आई ओरडायची, "ते निंटेंडो बंद कर आधी!" मी सांगून थकलो की हे निंटेंडो नाही. पुढे कळलं की खुद्द निंटेंडोनंही १९९० साली जाहिरात काढून बजावलं होतं, 'निंटेंडो' नावाची वस्तूच नसते, 'निंटेंडोची गेम सिस्टीम' म्हणा. नाव सामान्यनाम झालं की ट्रेडमार्क हातचा जातो, ही धास्ती. आईपर्यंत ती जाहिरात काही पोचली नाही.

रेघोटी: सेगावरून आठवलं. 'रायव्हलरी'ला सगळे 'स्पर्धा' लिहितात ते फार मिळमिळीत वाटतं. स्पर्धा वक्तृत्वाची असते. सेगानं अमेरिकेतल्या जाहिरातीत निंटेंडोच्या नावातल्या शेवटच्या 'डू'चं 'डोंट' करून टाकलं होतं. निंटेंडोला जमत नाही ते आमचं जेनेसिस यंत्र करतं, असा टोला. याला स्पर्धा म्हणायचं? हे हाडवैर.

खटपट्या: आणि सोनी-निंटेंडोची भाऊबंदकी. दोघं मिळून सीडीवाला कन्सोल काढणार होते. १९९१ मध्ये सोनीनं तसं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोनं फिलिप्सचा हात धरला. तो डंख धरून सोनीनं १९९४ साली स्वतःचं प्लेस्टेशन आणलं.

तत्समप्रेमी: भाऊबंदकीला रक्ताचं नातं लागतं, वडिलार्जित मिळकत लागते. इथं दोन्ही नाही. ही फार तर मोडलेली सोयरीक. नेमका शब्द हवा तर संस्कृतात 'सपत्न' आहे, म्हणजे प्रतिस्पर्धी. तो 'सपत्नी'वरून, म्हणजे सवतीवरून आलाय. 'सापत्नभाव' आपण ठेवला आणि 'सपत्न' टाकून दिला. इंग्रजी 'रायव्हल'चं लॅटिन मूळ तर एकाच ओढ्यावर पाणी भरणारा. दोन्हींत वाटेकरीच.

रेघोटी: लोक 'सपत्नीक' वाचतील. 'सोनी सपत्नीक बाजारात उतरली.'

तत्समप्रेमी: लोकांना येत नाही म्हणून शब्द मारायचे का?

रेघोटी: मारत कोण आहे, तो केव्हाच मेलाय. ओळख पटवायला तुम्ही आलात.

उंबरठा: मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. 'ओळख' की 'नाव'?

खटपट्या: ताई, त्याआधी एक. तुम्ही वर 'वी यू आला' लिहिलंत. यंत्र ना? मग 'ते' वी यू हवं.

जुनापुराणा: तसं नसतं. स्टेशन ते, म्हणून प्लेस्टेशन ते. बॉक्स तो, म्हणून एक्सबॉक्स तो.

तत्समप्रेमी: बॉक्स तो? पेटी ती!