मसणवटा, दफनभूमी की थडगी? गावात काय म्हणून विचारावं?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी (ज्यू). आडनावावरून मूळ गाव सापडतं (पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर), तसं अलिबागजवळचं आमचंही सापडलं. पण तिथे जाऊन ‘यहुदी दफनभूमी कुठे?’ म्हटलं तर लोक तोंडाकडे बघत राहिले. एकाने चिता जाळायची शेड दाखवली. स्मशान म्हणजे फक्त जाळायची जागा का? मसणवटा म्हणू का?

– मूळ अर्थात जाळणं नाहीच. यास्काने निरुक्तात (वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा प्राचीन ग्रंथ) ‘श्मशान’ची फोड ‘श्मशयन’ अशी केली आहे. श्म म्हणजे शरीर, ते जिथे निजतं ती जागा. मसण, मसणवटा ही त्याचीच लेकरं. लिंगायत मंडळी पुरतात, त्यांच्या जागेवर कितीदा ‘रुद्रभूमी’ अशी पाटी दिसते. ‘दफनभूमी’ मात्र कागदावरचा शब्द, बोलण्यात नाही. आणि मसणवटा म्हणू नका हो, एखाद्या म्हातारीला वाटेल शिवी देताय!

– ‘कब्रस्तान’ विचारलंत तर मुसलमानांचं दाखवतील. मी ‘थडगी’ म्हणेन, त्याला धर्म चिकटलेला नाही. शिवाय ‘यहुदी’ हा शब्द जुन्या माणसांना परका. तुमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. ‘शनवार तेल्यांची थडगी’ असं विचारून बघा. अलिबागजवळच्या नवगावला गेलात का? जहाज फुटून बुडालेल्या तुमच्या पूर्वजांना तिथेच पुरलं, असं परंपरा सांगते.

– माणसं विसरली तरी सातबारा विसरत नाही. त्यात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, बहुतेक जण तो वाचतच नाहीत. शिवाय पोटखराबा (लागवडीबाहेरचं क्षेत्र) वर्ग ‘ब’ बघा. पुरण्या-जाळण्याच्या जागेवर आकार (शेतसारा) लागत नाही, म्हणून ती त्यात धरतात. नुसतं ‘पोटखराबा’ वाचून खडकाळ जमीन समजू नका, ती वर्ग ‘अ’.

– नवगाव पाहिलं होतं. उतारा काल काढला. स्थानिक नाव: ‘थडग्याची पट्टी’. आज जाऊन आलो. करवंदीत पाच दगड, अक्षर एकावरही नाही. शेतवाले काका म्हणाले, “तेल्यांची आहेत ती. आम्ही नांगर बाहेरून वळवतो.”